सात नंबरचा डाग

"जरा लांब उभ्या राहा हं, रंग ओला आहे!"

सामानाच्या लिफ्टमध्ये लांब म्हणजे किती लांब राहणार? ती कोपऱ्यात सरकली, तेवढ्यात लिफ्ट गचका देऊन बंद पडली आणि तोल सावरताना तिची पांढरी बाही त्याच्या कॅनव्हासच्या पलीकडच्या, रंगवलेल्या बाजूला घासली. चित्र त्याने पाठमोरं धरलं होतं. तिला दिसला तो फक्त बाहीवरचा निळा रंग.

"अरे देवा... बिघडलं का हो?"

त्याने वर पाहिलं आणि आ वासला. "तुम्ही... कात्री!"

"काय म्हणालात?"

"म्हणजे — माझी आई म्हणते. टीव्हीवर तुम्ही सगळ्यांचे गुण कापता ना..."

खरं तर तिला राग यायला हवा होता. आलं हसू.

ती टीव्हीवरच्या चित्रस्पर्धेची परीक्षक, तो स्पर्धक. परीक्षकांनी स्पर्धकांना भेटायचं नाही, चित्रांना नावं नाहीत, फक्त नंबर, असा त्या कार्यक्रमाचा कडक नियम. पण बंद लिफ्टला नियम सांगणार कोण? वीस मिनिटांत तिला कळलं, की तो गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवतो. जिंकणाऱ्याला वर्षभर मिळणारा स्टुडिओ त्याला हवाच होता, कारण घरी ओट्याशेजारी रंगवताना आईच्या चहात दोनदा ब्रश बुडाला होता. आणि त्याला कळलं, की कडक बोलण्याआधी कात्रीच्या पोटात गोळा येतो. "कुणाला सांगू नका," ती म्हणाली. "आईलासुद्धा नाही," तो म्हणाला... आणि नेमकी तेव्हाच मेली लिफ्ट सुरू झाली.

संध्याकाळी अंतिम फेरी, टीव्हीवर थेट. सात नंबरच्या चित्रापाशी तिचे पाय थबकले. ओटा, खिडकी, खिडकीत पहाटेचं निळं आभाळ, आणि त्या आभाळात बाही घासल्याची फिकट रेघ. चित्र सगळ्यांत सरस होतं. तिने नऊ गुण दिले असते, तर कोणाला काय कळणार होतं?

तिला कळणार होतं.

"सात नंबर कोणाचं आहे, ते मला ठाऊक आहे," ती कॅमेऱ्यासमोर म्हणाली. "मी गुण देणार नाही."

उरलेल्या दोघा परीक्षकांच्या गुणांवर निकाल लागला. तो अर्ध्या गुणाने हरला.

निकालानंतर तो चित्र घेऊन लिफ्टपाशी उभा होता. ती धावतच गेली. डोळे भरून आले होते.

"स्टुडिओ गेला तुमचा... माझ्यामुळे."

"गेला. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू?" तो म्हणाला. "पण आईचा फोन आला होता. म्हणाली, पोरगी सरळ आहे. चहाला आण."

"तो डाग दुरुस्त का नाही केलात? तासभर होता हातात."

"ब्रश उचलला होता हो... हात होईना." त्याचे कान लाल झाले. "तुमची बाही लागली होती ना तिथे."

तिच्या पोटात गोळा आला. कडक बोलायचं नव्हतं, तरीही.

लिफ्ट आली. दोघं आत शिरली. ती सवयीने कोपऱ्यात सरकली.

"अहो," तो हळूच म्हणाला, "रंग सुकलाय आता."

ती जवळ येऊन उभी राहिली.