बाळाजींना एवढंच येईना

रविवार कारंजावर माझा टाइपरायटिंगचा क्लास होता. साल १९३६. पुढच्या खोलीत मशिनं, मागच्या खोलीत आई आणि मी. मी मुलखाचा तापट. खाली बघून टाइप करणाऱ्याच्या बोटांवर पट्टी मारायचो. चाळिशी उलटलेला विद्यार्थी आला की कपाळाला हात लावायचो. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

बाळाजी आले तेव्हा मी तेच तोंडावर बोललो. पंचेचाळिशीचे दिसत होते, अंगात बाराबंदी, डोक्याला रुमाल. ते नुसते हसले. मशीनसमोर मांडी सावरून बसले आणि म्हणाले, "मास्तर, आधीचं काय विसरायचं, ते अगोदर सांगा."

असला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "वळणदार लिहायची सवय विसरा. इथे बोट रेटायचं नाही, आपटून उचलायचं."

त्यांनी मान डोलावली, आणि खरोखरच विसरले. आठवड्यात त्यांचा हात असा चालायला लागला की बाकीची मंडळी काम थांबवून बघत बसायची. एकदा घाईत मी चिठ्ठी लिहायला टाक पुढे केला, तर तो कसा धरायचा हेच त्यांना आठवेना.

"लागलं तर परत शिकेन," ते म्हणाले. "वेळ आहे."

त्यांचे तळहात पाहून मी चक्रावलो होतो. वल्ह्याचे घट्टे, लगामाचे, हातोडीचे. एका आयुष्यात माणूस एवढे धंदे करतो कधी? पण खरं सांगतो, मला त्या माणसाचं फार कौतुक वाटायचं. आम्ही एक विद्या कशीबशी पदरात पाडून घेतो आणि जन्मभर तिला कवटाळून बसतो. माझ्याच घरात विजेचा दिवा घ्यायला मी किती का-कू केली! हे मात्र दरवेळी कोऱ्या पाटीनं बसायचे. चुकले तर लाजायचे नाहीत, साधलं तर मिरवायचे नाहीत.

मागच्या खोलीत आई खाटेला खिळली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. जन्मभर ती लोकांना शिकवत आली. गल्लीतली प्रत्येक सून पुरणपोळी तिच्याकडून शिकली. आता माझं मनगट घट्ट धरून विचारायची, "मरायचं कसं असतं रे? मला नाही येत." मी काय सांगणार, कपाळ! ती वाचणार नाही हे मला कळत होतं. तिची भीती तेवढी जावी, एवढंच देवाकडे मागत होतो.

एका दुपारी ती अशीच माझं मनगट धरून पडली होती, तेव्हा बाळाजी माठातलं पाणी घ्यायला आत आले. आई त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली.

"बाळाजीकाका?"

माझ्या सत्तरीच्या आईनं त्यांना काका म्हणावं! मला वाटलं, वात झाला. पण बाळाजी खाटेजवळ टेकले.

"श्यामू," ते म्हणाले, "शाईत हात घालू नकोस म्हटलं की मुद्दाम घालायचीस."

सासरी आल्यापासून आई अनसूया होती. तिचं माहेरचं नाव या घरात कुणी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. तिच्या वडिलांचा, म्हणजे दादांचा, शिळाछापखाना होता, तोही तिच्या लहानपणीच बंद पडलेला.

"दादा गेले तेव्हा तुम्ही उशाशी होतात," आई म्हणाली.

"हो. बघून शिकता येईल असं वाटलं होतं."

त्यांना हाकलून द्यावं असं मनात आलं. पण आईनं माझं मनगट सोडलं होतं.

"नाही आलं?" तिनं विचारलं.

"नाही गं."

"एवढे शिकलेसवरलेले तुम्ही, आणि एवढंच येईना? बसा इथे!" सुनांवर चढायचा तोच तिचा आवाज. किती दिवसांनी ऐकला! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर रोज क्लास सुटला की ते तिच्याजवळ बसायचे. काय बोलायचे, मी विचारलं नाही. रोज संध्याकाळी आई खाटेवरून ओरडायची, "विरजण लावलंस का?" एके दिवशी ती ओरडलीच नाही.

"आधी काय विसरायचं ते कळलं मला," ती म्हणाली. "उद्याची काळजी." आणि हसली.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी मी तिच्या ओठांवर तुळशीपत्र ठेवलं, गोदेचं पाणी घातलं.

"जाते हं," ती म्हणाली.

हा शब्द आमच्या घरात बंद होता. बाहेर पडताना 'येतो' म्हणायचं. चुकून 'जातो' म्हटलं तर आई परत बोलावून पाटावर बसवायची. आज तिनं तो किती सहज म्हटला.

मग बाळाजींकडे बघून म्हणाली, "म्हणा, काका."

त्यांनी हात जोडले. "ज..."

"जातो."

"ज... ज..."

आई वाट बघत होती. कंटाळली नव्हती, घाबरलीही नव्हती. वाट बघता बघताच तिचा श्वास थांबला.

बाळाजींनी तिचे डोळे मिटले.

दाराशी जाऊन त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मानेच्या शिरा फुगल्या. रुमाल घामानं भिजला. पुढच्या खोलीत चिटपाखरू नव्हतं.

मला त्यांची फार दया आली. "म्हणा, बाळाजी," मी म्हणालो. "जातो."

ते थांबले. माझ्या पिकलेल्या कानशिलांकडे त्यांनी नीट निरखून पाहिलं, आणि गुरूला करावा तसा वाकून नमस्कार केला.

"येतो, मास्तर," ते म्हणाले. "तुमच्या वेळेला."