सुईवर राहिलेल्या मुली

पेठ वडगावला श्यामला एसटीत चढली, तेव्हा सगळ्या गाडीत एकच जागा रिकामी होती आणि तिच्यावर एक लाकडी पेटी ऐसपैस बसली होती. शेजारी पांढऱ्या सदऱ्यातला एक तरुण पेटीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत होता.

"पेटी खाली ठेवता का?"

"खाली नको," तो म्हणाला. "नऊशे मुली आहेत हिच्यात."

"मग नऊशे बसणार आणि एक उभी राहणार?"

तो ओशाळला. पेटी त्याने मांडीवर घेतली आणि श्यामला बसली.  मग त्याने आपणहून झाकण किलकिलं केलं... आत कडेला भोकं पाडलेली कार्डं होती, एकेका मुलीचं एकेक.

त्याचं नाव कृष्णात. कोडोलीचा. पुण्याहून संख्याशास्त्र शिकून तो नुकताच परतला होता. कन्या अध्यापन मंडळाला वसतिगृहात चाळीस मुली घ्यायच्या होत्या आणि अर्ज आले होते नऊशे. मार्क, वय, हजेरी... प्रत्येक अटीचं एक भोक. अट पुरी असली, की भोक कडेपर्यंत कापायचं. मग गठ्ठ्यात सुई घालून उचलायची. अटीत बसलेली कार्डं खाली पडतात, बाकीची सुईवर लटकून राहतात.

"सुई कुणाची भाची-पुतणी बघत नाही," तो म्हणाला. डोळे असे चमकत होते, की श्यामलाला खिडकीबाहेर बघावं लागलं.

स्टँडवर उतरताना तिने सांगितलं, "मंडळाची नवी कारकून मीच आहे. उद्यापासून."

त्यानंतरचे पंधरा दिवस कसे गेले ते तिलाही कळलं नाही. ती अर्ज वाचायची, तो कात्रीने भोक उघडायचा. कधी तिचं बोट कार्डाखाली राहायचं आणि तो कात्री थांबवून नुसता बघायचा.

"कापा की," ती म्हणायची.

"बोट काढलंत तर..."

मे महिन्याच्या मधल्या आठवड्यात यादी दारावर लागली. दुसऱ्याच सकाळी शाहूवाडीकडचा केरबा नावाचा शेतकरी पटका सावरत टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"बाई, माझी पोर तालुक्यात दुसरी आली. तिला न्हाई कुणी म्हटलं?"

"निवड पद्धतीनं झालीय, मामा."

"बरं. ही पद्धत कुठं बसती? तिला इचारतो की."

 केरबा गेल्यावर श्यामलाने पेटी ओढली आणि शाहूवाडीची कार्डं वेगळी काढली. एकसष्ट निघाली. एकही खाली पडलं नव्हतं. मार्कांची भोकं बहुतेकींची उघडी होती, हजेरीचं मात्र एकीचंही नाही.

कृष्णात आला तसं तिने ती कार्डं त्याच्यापुढे मांडली.

"हजेरीची अट सगळ्यांना सारखीच आहे," तो म्हणाला. "सुईला शाहूवाडी काय आणि शिरोळ काय."

"सुईला ठाऊक नसेल. पण तुम्हाला? पावसात तिकडच्या ओढ्यांना पूर येतो. दोन महिने पोरी शाळेत जाणार कशा?"

"गेल्या वर्षी वशिल्याच्या चिठ्ठ्या आणून जागा घेतल्या लोकांनी. ते बरं होतं?"

चिठ्ठ्यांचं खरंच होतं, तरी तिने कार्डं मागे घेतली नाहीत.

"मी शेतकऱ्याचा पोरगा हाय," त्याचा आवाज चढला, पुण्याची भाषा गळून पडली. "शेतकऱ्याच्या पोरींचं वाईट करीन व्हय मी?"

"करायचं म्हणून केलं नाहीत. पण झालंय."

तो तसाच बाहेर पडला.

दोन दिवस त्याचा पत्ता नव्हता. श्यामलाचं कशातच मन लागेना. जिन्यावर पाऊल वाजलं की मान वर व्हायची – शिपाई असायचा. आपण चुकलो का? नाही. मग एवढं टोचतंय काय? घरी आमटीत मीठ दोनदा पडलं. अण्णा, तिचे वडील, शाळामास्तर. त्यांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं आणि तीच आमटी गुपचूप भातावर घेतली.

तिसऱ्या दिवशी कृष्णात आला तो धुळीने माखून. हातात हजेरीपटांच्या नकला होत्या.

"शाहूवाडीकडचा ओढा कोरडा पडलाय," तो उभ्यानेच म्हणाला. "पण काठच्या झाडांत, माझ्या डोक्याच्याही वर, पुराचं गवत अडकून वाळलंय. पावसाळ्यात शाळाच बंद. मास्तरसुद्धा पलीकडं अडकतो. त्या दिवसांची गैरहजेरी पोरींच्या नावावर... आणि मी ती बघितलीसुद्धा न्हाई."

दुपारी मंडळाची बैठक होती. टिपण लिहायला श्यामला कोपऱ्यात बसली. अध्यक्ष अप्पासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"यादी लागलीय. आता मागं घेतली तर लोक हसतील."

"हसू देत. पद्धत मी बसवली, चूक माझी. तसं लिहून देतो."

"मग पुण्याच्या नोकरीच्या जागेसाठी तुमची शिफारस कुठल्या तोंडानं करू?"

श्यामलाचा टाक थांबला. पुण्याची जागा... याबद्दल तो तिच्याशी कधी बोलला नव्हता.

"करू नका," कृष्णात म्हणाला.

शेवटी ठरलं, की एकसष्ट अर्ज मंडळातल्या तिघांनी बसून वाचायचे. यापुढे सुईने नुसती चाळणी करायची. मुलीला नाही म्हणायचं तर माणसाने अर्ज वाचून, कारण लिहून, खाली आपलं नाव घालायचं. शाहूवाडीच्या अकरा मुली यादीत आल्या, केरबाची पोरही त्यांत होती. अर्थात अकरा दुसरी नावं यादीतून उतरली. त्या मुलींना पाठवायच्या नकाराच्या पत्रांवर कृष्णातने स्वतः सही केली. एका पत्राला त्याने अर्धा दिवस लावला.

पत्रं टपालात पडली त्या संध्याकाळी दोघं रंकाळा तळ्याच्या काठाने चालत होते. वाऱ्याने तिचा पदर सारखा उडत होता, आणि त्याचं बोलणं सारखं अडत होतं.

"पुण्याचं... वाईट वाटतंय?" तिने विचारलं.

"वाटतंय की. खोटं कशाला बोलू." तो थांबला. "शाहूवाडीला जाताना सारखं वाटत होतं, चूक सापडू नये. मग वाटलं, सापडली आणि लपवली, तर तुमच्यासमोर बसून पुन्हा कात्री धरता यायची न्हाई... मला तुमच्यासमोरच बसायचंय, श्यामलाबाई. कायमचं."

पाण्यावर उन्हाची शेवटची पट्टी हलत होती. 

"उद्या रविवार आहे," ती म्हणाली. "घरी या. अण्णा आधी आडनाव विचारतील, मग गाव विचारतील, मग गप्प बसतील. ते गप्प बसले की फार अवघड असतं."

"आणि तुम्ही?"

"मी आज रात्रीच सांगणार आहे त्यांना." तिने पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. "उद्या दार मीच उघडीन."