कुणाची तरी

त्या दिवशी चष्मेवाल्यानं दुकान उजेड असतानाच बंद केलं. एका गिऱ्हाईकाच्या काचा बसवायच्या राहिल्या होत्या, त्या उद्यावर ढकलल्या, शटर ओढलं आणि बायकोला न्यायला घरी आला. काम तसं साधंच होतं. बाहेर जेवायला जायचं होतं. जगात रोज कितीतरी नवरे बायकांना बाहेर जेवायला नेतात आणि ढेकर देत परत येतात.

पण याची बायको जेवत नव्हती.

हट्टानं नव्हे. त्यांची एकुलती एक लेक, एका जागी टिकायची नाही म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणायचे, शाळेच्या सहलीला गेली आणि तिथं कुणाच्या तरी डब्यातला केकचा तुकडा तिनं खाल्ला. केकमध्ये अक्रोडाची पूड होती, चॉकलेटच्या वासात तिला ती कळली नाही. अक्रोड तिला विषासारखा. सहलीहून बस परत आली, भिंगरी आली नाही. तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरेना. तोंडात घ्यायची, चावायची, चावतच राहायची, आणि शेवटी मान फिरवून हातात काढून टाकायची. ही बाई पोहायला शिकवायची. तिचे खांदे बघून नवशिकी पोरं पाण्यात उतरायला धजायची. आता त्या खांद्यांवर ब्लाउज खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता.

नवऱ्यानं काय नाही केलं? पेज केली, रस काढले, चमच्याचमच्यानं भरवून पाहिलं. विनवलं, रागावला, एकदा तर पायाशी बसून रडला. डॉक्टरांनी शेवटी त्याला बाहेर नेऊन सांगितलं, "या आठवड्यात पोटात काही गेलं नाही तर भरती करू. नाकातून नळी घालावी लागेल. तरी उशीर झालाय, हे तुम्हाला सांगून ठेवतो."

मग मेहुणीनं त्या नव्या हॉटेलाचं सुचवलं. सध्या सगळे तिथंच जायचे. "भाऊजी, भरलेलं ताट पाहूनच ताईच्या पोटात गोळा येतो. तिथं ताटच नसतं. एवढ्याएवढ्याशा बश्या, दोन-दोन घासांच्या. मुंगीच्या लग्नाची पंगत म्हणा ना! सगळ्यांनी मिळून त्यातच खायचं. बोलताबोलता जाईल चार घास पोटात."

बुडत्याला काडीचा आधार. त्यानं फोन करून टेबल राखून ठेवलं. दोघांसाठी.

हॉटेल एका जुन्या इमारतीच्या तळघरात होतं. रस्त्यावर अजून ऊन रेंगाळत होतं, पण पायऱ्या उतरताना ते एकेका पायरीनं मागं सरलं आणि खाली पोचेपर्यंत डोळ्यांना काही दिसेना. विटांच्या उघड्या भिंती, ठेंगणं छत, प्रत्येक टेबलावर हाताच्या पंजाएवढा एक दिवा. त्या दिव्यात माणसांचे नुसते हात आणि हनुवट्या दिसायच्या. कुठंतरी संथ गाणं वाजत होतं. हवेत धुराचा आणि भाजलेल्या लसणीचा वास होता, आणि त्याच्या खाली आणखी एक. ओल्या विटांचा असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं.

वाढणारी मुलगी चटपटीत होती. तिनं त्यांना कोपऱ्यातलं टेबल दिलं. भिंतीला लागून लांब बाक, समोर एक खुर्ची. बायको बाकावर बसली. तो समोर.

"कशातच अक्रोड नको," तो म्हणाला. आता हे सांगायची काही गरज नव्हती. पण जिभेचं वळण जात नाही.

"नाही घालणार, सर," मुलगी म्हणाली आणि टेबलावर बश्या मांडल्या. एक त्याच्यासमोर, एक बायकोसमोर आणि एक बायकोच्या शेजारी, बाकाच्या रिकाम्या जागेपुढं.

त्याला वाटलं, उष्टं-खरकटं ठेवायला असेल.

पहिल्यांदा भाजलेला भोपळा आला, वर तीळ. मग लोण्यात परतलेले मशरूम, पावाच्या बोटभर तुकड्यांवर. बायको बघत राहिली. त्यानं श्वास रोखून धरला. बोलायचं नाही, आग्रह करायचा नाही, असं तो घरापासून घोकत आला होता. तिनं चमचा उचलला. भोपळ्याची एक फोड घेतली आणि शेजारच्या बशीत ठेवली. मग दुसरी घेतली आणि स्वतःच्या तोंडात घातली. चावली. आणि गिळली.

गिळली! तिच्या गळ्याची हालचाल त्यानं दिव्याच्या उजेडात स्वच्छ पाहिली. त्याचे डोळे भरून आले, ते लपवायला त्यानं खाली मान घालून पावाचा तुकडा तोंडात कोंबला.

"बरं आहे?" त्यानं हलकेच विचारलं.

"छान आहे," ती म्हणाली. कित्येक महिन्यांत ती कशाला छान म्हणाली नव्हती.

मग तो थांबला नाही. बीट मागवलं, बटाटे मागवले, मधात भिजवलेले अंजीर मागवले. दोघांच्या मध्ये बश्या ठेवायला जागा उरेना. बायको आधी शेजारच्या बशीत वाढायची, मग आपण खायची. पुन्हा वाढायची, पुन्हा खायची. तिच्या गालांवर रंग चढला होता. त्याच्या जिवात जीव आला. मनात म्हणाला, हिचं वेड असेल तर असू दे. वेडानं का होईना, जेवते आहे ना?

ती शेजारी तोंड वळवून पुटपुटली, "सावकाश. गरम आहे..."

त्यानं पहिल्यांदाच तिसऱ्या बशीकडं नीट पाहिलं. बशी रिकामी होती. तिनं आत्ताच त्यात बटाट्याच्या दोन फोडी ठेवल्या होत्या. नुसती रिकामी नव्हे, पुसून घेतल्यासारखी लख्ख.

तेवढ्यात गाणं संपलं. पुढचं सुरू व्हायच्या आधी क्षणभर सगळं तळघर गप्प झालं, आणि त्या शांततेत त्याला कुणीतरी चावताना ऐकू आलं. अगदी जवळून. बायकोचे ओठ मिटलेले होते. त्याच्या तोंडात काही नव्हतं. पण टेबलाशी कुणीतरी बारीक दातांनी घाईघाईनं चावत होतं, मध्येच नाकानं श्वास घेत होतं, पुन्हा चावत होतं. मघाचा तो विटांखालचा वासही आता स्पष्ट झाला. फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तो वास. गेले काही महिने तो बायकोच्या उशाशी बसून हाच वास घेत होता.

तो उठून पळाला नाही. खरं सांगायचं तर त्याला आधी भीती वाटलीच नाही. त्याच्या छातीत काहीतरी फुटलं, आणि तो टेबलावर वाकून, दिव्यापलीकडच्या अंधारात बघत, इतक्या हळू आवाजात म्हणाला की ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असेल...

"भिंगरे...?"

चावणं थांबलं. मग बशी त्याच्या दिशेनं सरकली. जराशी. आणखी हवं असलं की मूल सरकवतं तशी.

त्यानं वाढणाऱ्या मुलीला हाक मारली. आवाज चिरकला होता. "जे जे आहे ते आण. सगळं आण!"

बश्या येत राहिल्या. तो आता स्वतःच्या हातानं वाढत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. बायकोही हसत होती. शेजारच्या टेबलावरच्यांना वाटलं असेल, काय सुखी जोडपं आहे!

मग वाढणाऱ्या मुलीनं एक खोलगट बशी आणून सरळ त्या रिकाम्या जागेपुढं ठेवली. मऊ पांढरं चीज, आणि त्यावर तपकिरी, सुरकुतलेले तुकडे.

चष्मेवाला खुर्चीतून अर्धा उठला. "हे काय? अक्रोड नको म्हणालो होतो ना मी!"

"हो सर, पण..." मुलगी गोंधळली. "छोटीनं मागवलाय. मघाशी माझा ॲप्रन ओढून म्हणाली, ते द्या. मला वाटलं, तुम्हाला विचारून..."

तो झडप घालून बशी उचलणार, तोच आतले तुकडे कमी होऊ लागले. एकेक नव्हे, मूठमूठ. चघळण्याचा, चोखण्याचा, बोटं चाटल्याचा आवाज आला. बघताबघता बशीचा तळ दिसू लागला. भिंगरीला अक्रोडाचा नुसता वास आला तरी ती खोलीबाहेर पळायची. तिच्या जिवाला लहानपणापासून ते ठाऊक होतं.

त्यानं बायकोचं मनगट धरलं.

"अगं... ही आपली नाही."

बायकोनं तोंडातला घास शांतपणे गिळला. "माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे?"

"पहिल्या घासालाच कळलं. तिनं माझ्या हातात हात दिला ना, तेव्हा. आपल्या पोरीचा हात मी विसरेन होय?" तिनं शेजारी पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर अशी माया आली की ती बघवेना. "पण कुणाची तरी असेलच की रे. उपाशी आहे बिचारी. आणि ती जेवली की... माझाही घास खाली उतरतो. तिच्याशिवाय नाही उतरत. मी करून पाहिलं मघाशी."

"ऊठ. आत्ताच्या आत्ता ऊठ."

तिला ओढायला त्यानं दुसरा हात टेबलावर टेकवला. तो नेमका त्या बशीजवळ पडला. बोटांना काहीतरी ओलं, थंडगार लागलं, आणि त्यावर दात टेकले. चावले नाहीत. फळ पिकलंय का हे पाहावं, तसे नुसते टेकले आणि उचलले.

त्यानं हात मागं घेतला. कसेबसे पैसे टेबलावर टाकले आणि बायकोला उभं केलं. ती उठली, विरोध केला नाही. दोन पावलं चालून मात्र थांबली आणि वळून बाकाकडं बघत म्हणाली, "चल."

त्यानं ते ऐकलं.

इथं तो काहीही करू शकला असता. नाही म्हणू शकला असता. तिच्या तोंडावर हात ठेवू शकला असता. पण त्याच्या डोळ्यांसमोर डॉक्टर उभे राहिले, नाकातली नळी आली, खुंटीवर लोंबणारा ब्लाउज आला. आणि मघाशी गिळताना हललेला तो गळा. त्यानं जणू काही ऐकलंच नाही असं केलं. बायकोचा उजवा हात धरून तो पायऱ्या चढू लागला. तिचा डावा हात अंगापासून थोडा दूर, खाली, अर्धवट मिटलेला होता. तो हात त्याला दिसत होता. त्यानं तिकडं पाहिलं नाही. वर रस्त्यावर ऊन नुकतंच मावळलं होतं. टॅक्सीत बायको आधी आत शिरली, पण खिडकीशी गेली नाही. मधल्या जागेवर बसली.

त्यानंतर ती जेवायला लागली. दिवसागणिक तिचं अंग भरत गेलं. डॉक्टर म्हणाले, चमत्कार आहे. मेहुणीनं स्वतःची पाठ थोपटून घेतली, "बघा भाऊजी, मी म्हणत नव्हते?" बायको पुन्हा तलावावर जाऊ लागली. घरी रोज तीन ताटं मांडली जायची, आणि हळूहळू ती तिसऱ्या ताटावरचीला खरंच आपली भिंगरी समजू लागली. चष्मेवाला आपल्या ताटाबाहेर नजर काढायचा नाही. जेवताना मोठ्यानं बातम्या लावायचा. भांडी मात्र तिला घासू द्यायचा नाही. तिसरं ताट घासायची गरजच पडत नसे, ते तो रोज तसंच कोरडं कपाटात ठेवून द्यायचा. पण बायको जिवंत होती. स्वयंपाक करताना गुणगुणत होती. माणसाला आणखी काय हवं?

मग एके दिवशी दुपारी खालच्या मजल्यावरची शेजारीण आपल्या छकुलीला घेऊन दुकानात आली. पोरीचा चष्मा नाकावरून घसरत होता. चष्मेवाल्यानं तिला उंच स्टुलावर बसवलं, दांड्या जराशा वाकवल्या, कानांमागं बोट घालून बघितलं. शेजारीण दारात फोनवर बोलत होती.

"आता नीट दिसतंय?"

छकुलीनं मान डोलावली. त्याच्याकडं बराच वेळ टक लावून पाहिलं. मग विचारलं, "काका, तुमच्याकडं आता दोघी आहेत ना?"

त्याच्या हातातला बारीक स्क्रू-ड्रायव्हर थबकला. "दोघी... कोण?"

"एक आत असते ती. ती माझ्याशी बोलत नाही." छकुलीनं आईकडं पाहून आवाज खाली आणला. "दुसरी जिन्यात बसते. रोज. ती बोलते. मी तिला म्हटलं, घरी जा ना. तर म्हणाली, दार वाजवते, पण आई उघडत नाही. आईला वाटतं मी आतच आहे."

दुकानातलं घड्याळ, रस्त्यावरच्या गाड्या, सगळं कुठंतरी लांब गेलं. "आणि... आणखी काय म्हणते ती?"

छकुलीनं नवीन बसवलेला चष्मा बोटानं वर सरकवला.

"म्हणते, आतली कोण आहे, ते बाबांना माहीत आहे."