स्लॅबच्या दिवशी

बार्शीच्या घरातून उमाकांत रोज पनवेलला कामावर जायचा, तोही खुर्चीतून न उठता. डोळ्यांवर चष्मा, हातापायांना पट्ट्या. आणि तिकडे उंच इमारतीच्या परांचीवर त्याचा दूरदेह उभा राहायचा. दूरदेह म्हणजे माणसाच्या मापाचं पोलादी अंग. उमाकांतनं बोट हलवलं की तेही आपलं बोट हलवायचं. त्याला गार वारा लागला की इकडे उमाकांत शहारायचा. उंचावरून पडून माणसं मरू नयेत म्हणून ही सोय. लग्नाआधी अनुजानं तेवढं नीट विचारून घेतलं होतं.

त्या दिवशी परांची कोसळली आणि दूरदेह थेट तळघराच्या खड्ड्यात गेला. जखमी कुणी नाही, असं बातम्यांत आलं.

उमाकांतच्या अंगावर खरंच ओरखडा नव्हता. अनुजानं पट्ट्या सोडल्या, तरी तो बसूनच राहिला. मांडीवर त्यांची तान्ही जुई होती. दात येत होते, हाताला लागेल ते चावत होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "अनू, ही कुणाची उचलून आणलीस? आपली गेली ना, माझ्याबरोबर खाली."

सोलापूरला डॉक्टर केळुसकरांनी सगळ्या तपासण्या केल्या.

"डोक्याला मार नाही ना हो? मग असं काय?" अनुजानं विचारलं.

"मार नाही. बघा, आपलं अंग कुठं आहे याचा नकाशा मेंदू सतत काढत असतो. देहनकाशा म्हणा. तो फसतो. तुमचा हात पडद्याआड लपवला, समोर रबरी हात ठेवला आणि दोन्हींवर एकदमच कुंचला फिरवला, तर थोड्या वेळानं रबरी हातच आपला वाटायला लागतो. दूरदेह या फसवणुकीवरच चालतो. म्हणून पाळी संपली की आरशापुढं स्वतःचं तोंड चोळायचं, नाव घ्यायचं. नकाशा घरी आणायचा."

"ते रोज करायचे. मी टॉवेल घेऊन उभी. 'या पाव्हणं, चहा घेणार का?' म्हणून मीच त्यांना चिडवायचे."

डॉक्टर हसल्या नाहीत. "पडताना त्यांचा नकाशा तिकडेच राहिला, हे समजतं. पण मुलगी त्यात कशी गेली?"

अनुजानं जुईचं टोपडं उगाचच सारखं केलं.

"स्लॅब एकदा सुरू झाला की मधे थांबवता येत नाही. सांधा राहतो, मग तिथून गळतं म्हणतात. त्यांना उठता येत नव्हतं, मी न्हाणीत, आणि ही रडून काळीनिळी झालेली. मांडीवर ठेवली तर गप्प. मग दर स्लॅबला ठेवायला लागले. पट्ट्या असताना अंगाला कुणी लागायचं नाही, हा नियम ठाऊक होता हो मला. पण घरात दुसरं होतं कोण?"

"त्या दिवशीही?"

"होती."

मग डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला ओळखतात ना? तेवढा एक धागा अजून इकडं आहे. मुलगी वाचली, हे मात्र त्यांना तिथंच कळायला हवं. दुसरा दूरदेह जमिनीवर उभा करू. तुम्ही जाऊन मुलीला त्याच्या हातात द्या."

"मग परत येतील?"

"हे आजवर कुणी करून पाहिलेलं नाही, अनुजा."

पनवेलला अर्धवट इमारतीखाली भर दुपारी ती दूरदेहासमोर उभी राहिली. घरी पट्ट्या बांधून बसलेल्या उमाकांतजवळ शेजारच्या वाघमारे काकू होत्या, फोन चालू ठेवून. अनुजानं आधी त्या पोलादी हातात पिकलेलं केळं दिलं. परत घेऊन साल निरखून पाहिली. कुठंही डाग नव्हता. तरीही जुईला देताना तिची बोटं सुटेनात.

पोलादी बोट जुईच्या तळपायावरून फिरलं. जुईनं ते पकडलं आणि चावायला घेतलं.

"गरम आहे गं ही!" त्या अंगातून उमाकांतचा फाटका आवाज आला. "अनू, तूही आलीस? आहे गं आपली जुई, आहे!"

"रडतोय गं," फोनवर काकू ओरडल्या, "पण बरं रडतोय!"

दुसऱ्या दिवशी घरी पोचल्यावर अनुजानं पिशवीही खाली ठेवली नाही. आधी जुईला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली. उमाकांत शांत होता. चेहऱ्यावरचं दुःख गेलं होतं. जुई त्याचा अंगठा चावत होती. हात तसाच पडून होता.

"काकू," तो अनुजाकडे वळून अदबीनं म्हणाला, "तेवढ्या पट्ट्या बांधता का? आमच्या दोघी पनवेलला आहेत. इथं एकट्याला करमत नाही."