हरिपूरच्या पेवातली शेळी

"चिंत्या, तू चपला उशाशी घेऊन झोपला होतास?"

"मग! काल सांगलीच्या बाजारात अण्णांनी घेऊन दिल्यात. साताऱ्याला जाऊन सगळ्या वर्गाला दाखवणार आहे. तोवर नजरेआड करायच्या नाहीत!"

"आणि घालायच्या कधी?"

"साताऱ्यात!"

शकू खो खो हसत सुटली.

१९४६ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मुलांच्या वडिलांचं, अण्णांचं, साताऱ्यात किराणा दुकान होतं. हळदीच्या खरेदीसाठी ते सांगलीला आले, तेव्हा तेरा वर्षांची चारुलता, अकरा वर्षांचा चिंतामण आणि नऊ वर्षांची शकुंतला हट्ट करून बरोबर आली. मुक्काम सांगलीजवळ हरिपूरला, एका व्यापाऱ्याच्या वखारीवरच्या खोलीत. खाली हळदीची पोती, वर ही तिघं. तीन दिवसांत चिंतूचा सदरा पिवळा, शकूच्या रिबिनी पिवळ्या! मांजरसुद्धा पिवळे पंजे उमटवत फिरायचं.

वखारीमागच्या माळावर हळद साठवायची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं मोठं कोठार. तोंड अरुंद, पोट रांजणासारखं. मुकादम कृष्णात यांनी पहिल्याच दिवशी मुलांना दम भरला होता. "पेवात उतरायचं तर पायताण तोंडापाशी काडायचं. पायताण दिसलं की आत मानूस हाय. न्हाई दिसलं, की झाकन! माज्या बापापास्नं रीत हाय ही!"

त्या दिवशी अण्णा सकाळीच सांगलीला गेले. तिघं खाली उतरली, तर वखारीच्या पायरीवर तिथे झाडलोट करणारी बनुबाई बसलेली. मांडीवर चार महिन्यांचा नातू रडून रडून दमला होता.

"काय झालं, बनुबाई?" चारूने विचारलं.

"शेळी गावंना गं, कालपास्नं. ह्याची आई बाळंतपनात गेली. शेळीच्या दुदावर वाडीवलंय. काल रात्री पान्यात साकर कालवून पाजली. पर साकरंवर किती दिस काडायचं?"

"मुकादमांना विचारलंत?"

"म्हनलं त्यांनी, तरसानं न्हेली आसंल."

"तरस? भर वस्तीत?" चिंतू म्हणाला. "मी तर पायाचा ठसासुद्धा नाही पाहिला!"

चारूने बनुबाईला विचारलं, "शेळीच्या गळ्यात काय होतं?"

"घुंगरू. पितळंचं."

तिघं माळावर गेली. बरीच पेवं मातीने बंद होती. चिंचेजवळचं एक मात्र रिकामं होतं, आत हवा खेळावी म्हणून दोन दिवस उघडंच ठेवलेलं. कडेला हमालांची दोराची शिडी पडली होती. शकू पोटावर पालथी पडून आत डोकावली.

"ताई! ऐक, ऐक!"

खूप खालून आवाज आला. छुन्... छुन्...

"तरस घुंगरू घालून बसलंय वाटतं!" चिंतू ओरडला.

तिघं धावत कृष्णात मुकादमांकडे गेली. ते गाड्यांवरची पोती उतरवून घेत होते. "पेवात शेळी? आरं, व्हा तिकडं! कामाचा खोळंबा करताय!"

"आता आपणच," चारू म्हणाली. हमाल करायचे तसाच तिने वखारीतला कंदील पेटवून, दोरीला बांधून पेवात सोडला. ज्योत स्थिर राहिली. "हवा चांगली आहे. शकू, तू वखारीतून एक पोतं आणि दोर आण. शेळीला त्यात घालून ओढू."

शकू पळाली. शिडीचं टोक खुंटाला बांधून, कंदिलाची दोरी आत सोडून चारू अनवाणीच उतरली. ती वखारीत कधी चपला घालतच नसे. चिंतू तोंडापाशी घुटमळला. हातातल्या चपला इथे ठेवायच्या? कोणी उचलल्या तर? त्याने त्या सदऱ्यात खोचल्या आणि तो उतरला.

शेळी भिंतीला टेकून उभी होती, एक पाय उचलून. चारूने तिच्या गळ्याला हात घातला. तेवढ्यात शिडी सळसळत वर गेली!

"ए! आम्ही आत आहोत!"

वर गाड्यांचा खडखडाट चालला होता. त्यातून मुकादमांचा आवाज तुटक तुटक आला. "...शिडी कुनी सोडली रं?... पायताण न्हाई कुनाचं... झाका! उगडं ठिवलं तर जनावर पडंल येखादं!"

प्रकाशाचा गोल अर्धा झाला. मग तोंडावर झाकणाची फरशी बसली. कडेने माती पडल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं.

दोघांनी घसा बसेपर्यंत हाका मारल्या. चिंतूने चपलांचा जोड फरशीकडे फेकला. तो अर्ध्यावरूनच परत येऊन त्याच्या डोक्यावर आदळला.

"ताई, पायताण..." त्याचा आवाज चिरका झाला. "माझ्यामुळेच गं!"

"आता रडलास तर हवा लवकर संपेल," चारू म्हणाली. तिने दोन्ही हात शेळीच्या केसांत खुपसले. "खाली बस. बोलू नकोस. शकू येईल."

"पण तिचं कोण ऐकणार?"

हळदीच्या वासाने डोळे चुरचुरत होते. कंदिलाची ज्योत बारीक झाल्यासारखी वाटली, म्हणून चारूने ती फुंकली. मग काळोखात एकच आवाज, शेळीच्या श्वासाचा. चिंतूने आकडे मोजायला सुरुवात केली. सातशे... आठशे... नऊशेच्या पुढे तो चुकला. पुन्हा पहिल्यापासून मोजायचा त्याला धीर होईना.

अचानक वर धपधप पावलं वाजली. फावडं खरखरलं. फरशी सरकली आणि उजेड आत कोसळला!

"कुठं पडला म्हनतीस, पोरी?" मुकादम वाकून विचारत होते. त्यांच्या हातात अजून भाकरीचा तुकडा होता.

"आम्ही पडलोय!" चिंतू किंचाळला.

भाकरी पेवात पडली. ती शेळीने खाल्ली.

मग दोर आले, माणसं आली. मुलं वर आली, पाठोपाठ पोत्यातून शेळी. शकू चारूच्या कमरेला जी चिकटली, ती सोडेना.

"मी सांगितलं ह्यांना, माझी ताई आत आहे," ती हुंदके देत म्हणाली. "तर म्हणाले, 'पायताण न्हाई म्हंजी मानूस न्हाई, जेवून घिऊ दे.' मग मी एक डूल काढून मुठीत लपवला आणि म्हटलं, माझा सोन्याचा डूल पेवात पडला! चौघं ताटावरून उठून पळत आले!"

हमालांनी माना खाली घातल्या. चिंतू मात्र पुढे झाला. "मुकादम, चपला मी आत नेल्या होत्या. रीत मी मोडली."

"तू मोडलीस, व्हय," कृष्णात हळू बोलले. "पर मी हाक बी मारली न्हाई. पोरगी सांगत हुती, तरी जेवत बसलो. आता पायताण असू दे न्हाई तर नसू दे. कंदील सोडून, तीन हाका मारल्याबिगर झाकन बसायचं न्हाई!"

संध्याकाळी अण्णा परतले. सगळं ऐकून आधी त्यांनी तिघांना न विचारता पेवाच्या वाटेला गेल्याबद्दल चांगलंच खडसावलं. मग शकूला जवळ ओढलं. "शेळीचा आवाज गावात कोणाला आला नाही, तो तुम्हाला आला. आणि तू गं, ठकू! मोठ्या माणसांना कशाने पळवायचं ते बरोबर ओळखलंस. शाबास!"

बनुबाई पायरीवर बसली होती. शेळीने वाटीभरच दूध दिलं होतं. ते तिने बोंडल्याने नातवाच्या ओठांत सोडलं. तो गटागटा प्याला आणि पिता पिताच झोपला.

मागे हमाल मोठमोठ्याने बोलत पोती रचत होते. कृष्णात मुकादम त्यांच्याकडे वळले. सगळ्या हरिपूरला ऐकू जाणारा त्यांचा आवाज एकदम कुजबुजीवर आला.

"हळू रं, गड्यांनो. पोर निजलंय."