रचून ठेवलेली चूल

२८ जानेवारी, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. यूकॉनच्या उत्तर टोकाला, ओल्ड लँडिंग गावापासून पस्तीस मैल आत, एनोक शिकाऱ्याची ओंडक्यांची खोपी. थंडी उणे एक्केचाळीस. सूर्य नदीपलीकडे तासाभरापूर्वीच डोकावला होता.

लॉरेटा बर्फगाडीवरून उतरली तेव्हा तिच्या पापण्या एकमेकींना चिकटल्या होत्या. पूर्वी ती पोलिसात होती. आता खाजगी तपास करायची. तिला बोलावलं होतं एनोकच्या थोरल्या बहिणीनं, बर्थानं. नोव्हेंबरात एनोक इथेच मरून पडलेला सापडला. पोलिसांचं विमान आलं, पंखा चालूच ठेवून चाळीस मिनिटं थांबलं आणि कागदावर एक ओळ लिहून गेलं : ‘दारूच्या नशेत गारठून मृत्यू.’ अकरा वर्षं थेंबाला न शिवलेल्या माणसाबद्दल! कुणी बाटली शोधली नाही, कुणी चुलीचं दारसुद्धा उघडून पाहिलं नाही. रानातला आदिवासी म्हातारा मेला म्हणजे प्यायलेलाच असणार, हे साहेबांना शहरातून निघतानाच ठाऊक होतं.

“ती ओळ तेवढी पुसून आण, पोरी,” बर्था म्हणाली होती. “दुसरं काही नको मला. आणि पाचपर्यंत परतली नाहीस तर मी स्वतः निघते. ढुंगण गोठलं तरी बेहत्तर.”

गाडी हाकणारा रूफस शेजारच्या रानात सापळे लावायचा. प्रेत पहिल्यांदा त्यालाच दिसलं होतं, तेही दारातूनच; आत पाऊलही टाकलं नाही, असं तो सांगायचा.

“बघा काय बघायचं ते, पोलीसबाई,” तो दारात उभा राहून म्हणाला. “भिंतींना वाचा फुटली तर मलाही हाक मारा.”

आत गोठलेल्या चरबीचा आणि शिळ्या धुराचा वास होता. लॉरेटानं बॅटरी पेटवली आणि लोखंडी चुलीचं दार ओढलं. ते कुरकुरलं.

चूल रचलेली होती.

खाली बर्च झाडाची चटकन पेटणारी साल, तिच्यावर ढलप्या न तोडता पिसांसारख्या सोललेली काठी, वर बारीक चिरफळ्या. काडेपेटीतल्या दोन काड्या हाताला लागतील अशा आडव्या. या मुलखात खोपीला कुलूप नसतं, आणि निघणारा माणूस चूल रचल्याशिवाय निघत नाही. पुढे येणाऱ्याची बोटं बधिर असतील. त्याला एका काडीत जाळ मिळाला पाहिजे.

 चूल रचतो तो निघणारा. एनोक तर निघालाच नव्हता. या चुलीपासून चार पावलांवर तो गारठून मेला होता.

तिनं काठी उजेडात धरली. ढलप्या डाव्या अंगाला वळल्या होत्या. डावखुऱ्याची सुरी. सकाळीच रूफसनं तिला सुकं मांस कापून दिलं होतं... डाव्या हातानं.

“रूफस,” ती हळूच म्हणाली, “त्याला मारलंस... आणि मग चूल रचलीस?”

रूफसनं दाराची चौकट धरली.

“सापळ्यांच्या हद्दीवरून जुंपली. डोकं खांबावर आपटलं त्याचं. मला वाटलं, गेला... हात आपोआप चालले, बाई. आईनं बदडून शिकवलंय.”

“कागदावर ‘गारठून’ लिहिलंय. मेलेला माणूस गारठून मरत नाही, रूफस.”

 तो उलट्या पावलांनी बाहेर गेला. गाडीचा आवाज नदीकडे गेला आणि विरला. तिचं सामान, कुऱ्हाड, काडेपेटी, सगळं त्याच गाडीवर होतं.

खोपीत उरले होते जाड गोठलेले ओंडके. ते पेटायला ती काठी, त्या चिरफळ्या, त्या काड्या हव्या होत्या. पण तोच तर पुरावा होता. तो जाळला, तर ती ओळ कागदावर कायमची राहणार.

लॉरेटानं सगळं पिशवीत भरलं, पिशवी कोटात छातीशी कोंबली आणि पाय आपटत फिरू लागली. चार वाजता पाय कळेनासे झाले. ती भिंतीकडे तोंड करून बसली.

मग मागून आवाज आला. स्स... स्स... लाकडावरून सुरी, सावकाश. ताज्या राळेचा वास आला.

“कोण...?”

मान वळली नाही. पाठीला ऊब लागली.

पावणेसातला बर्थानं दार ढकललं. “धुराचा वास आला आणि जिवात जीव आला! पेटवलीस ना, शहाणी पोर.”

“मी नाही...” लॉरेटानं पिशवी काढली. काठी होती. काड्या दोनच्या दोन होत्या.

बर्थानं चुलीपुढची एक ओली ढलपी उचलली. ती उजवीकडे वळलेली होती, टोकाला बारीक खाच. बर्था खालीच बसली. “ही खाच एनोकची... लहानपणापासूनची.”

सुरी खोपीत कुठेच नव्हती. दोघी जळती चूल तशीच टाकून बर्थाच्या बर्फगाडीवरून पळाल्या. अर्ध्या वाटेत बर्था ओरडली, “चूल रचायची राहिली गं! जन्मात पहिल्यांदा!”

लॉरेटा जिवंत परतल्याचं कळताच रूफसनं गावात येऊन कबुली दिली. पिशवीमुळे ती ओळ पुसली गेली.

पण दुसऱ्या दिवशी पोलीस खोपीवर पोचले तेव्हा बर्फात फक्त आदल्या दिवशीचे माग होते, येणारे आणि जाणारे. नवा एकही नव्हता. त्यांनी या खेपेला चुलीचं दार उघडलं. राख काढलेली होती. साल, ढलप्या उजवीकडे वळलेली काठी, चिरफळ्या, आणि आडव्या दोन काड्या.