फक्त प्रेतालाच माहीत नव्हतं

डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनच्या स्टेशनात त्या शनिवारी दुपारी एक माणूस गाडीच्या दारातून एका बाईला ओढून बाहेर काढत होता.

बाई चादरीत गुंडाळलेली. एक हात बाहेर आलेला — गोरापान, ताठ, लांब बोटांचा. माणूस तिला काखेत धरून उलटा उलटा चालत होता आणि चक्क मराठीत पुटपुटत होता, "ये ना गं बाई... जरा वळ तरी..."

क्षितिजा त्याच डब्यातून उतरत होती. नास गावच्या हॉस्पिटलात ती भूल देणारी डॉक्टर. अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस उभ्याने काढून घरी निघालेली, डोळे मिटत होते. पण डॉक्टरचे पाय डोळ्यांना विचारत नाहीत.

"थांबा! मान हलवू नका तिची! आत ठेवा, आडवं ठेवा!"

आवाजच असा होता की त्याने निमूटपणे बाईला डब्यात खाली आडवं ठेवलं. क्षितिजा गुडघ्यावर बसली. दोन बोटं गळ्याशी.

"पल्स नाहीये."

"नसणारच," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

तेव्हा कुठे क्षितिजाच्या बोटांना कळलं की ही मान गार आहे, गुळगुळीत आहे, आणि हनुवटीखाली तिला एक जोड आहे. समोरच्या सीटवरच्या आयरिश आजीबाईंनी एव्हाना छातीवर क्रूस काढून घेतला होता. क्षितिजाला भूमीने पोटात घ्यावं असं झालं. भूमी काही घेईना, म्हणून ती उठून तरातरा प्लॅटफॉर्मवर उतरली.

"अहो, ऐका तरी..." म्हणत तो तिच्यामागे उतरला.

आणि दार बंद झालं. गाडी डब्लिनकडे निघून गेली.

"गेली," तो म्हणाला.

"म्हणजे... पुतळी होती?"

"दुकानाच्या काचेत कपडे घालून उभी असते ना, ती. आमच्या नाटकातलं प्रेत. नासभर हिंडून मिळवलं होतं."

प्लॅटफॉर्मवरचं मदतीचं बटण दाबून त्याने चौकशी केली. पलीकडच्याने वर्णन विचारलं. "उंच. टक्कल. अंगावर फक्त चादर," त्याने सांगितलं. पलीकडच्याने ते लिहून घेतलं. मग आवाज आला, "आणि त्या एकट्याच प्रवास करतायत का?"

क्षितिजाला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, की ते वाऱ्यामुळे, की झोपेमुळे... कोण जाणे. पाऊस म्हणावा तर नाही आणि नाही म्हणावं तर केस ओले, असं ते इथलं रोजचंच हवामान. तो मात्र तिच्याकडे बघतच राहिला.

"हसताय काय? तुमच्यामुळे माझं प्रेत गेलं."

"मग मी होते प्रेत!" ती म्हणाली.

झोपेत माणूस काय वाटेल ते कबूल करतो. पण दुसऱ्या शनिवारी ती खरंच तालमीला हजर झाली. झोपेत नव्हती तेव्हा.

तर त्याचं नाव अंबरीश. औषधांच्या कारखान्यात इंजिनीअर. तिथे एक बाटली जरी वाकडी निघाली तरी ती का वाकडी, याच्या मुळाशी जायचं हे त्याचं काम. आणि वेड कसलं, तर जुन्या ब्लॅक-अँड-व्हाइट हॉलिवूडच्या खुनी विनोदी सिनेमांचं. आयर्लंडमधल्या पहिल्या हिवाळ्यात तो एका म्हाताऱ्या घरमालकिणीकडे राहायचा. बाहेर दुपारीच अंधार, आत दोघं सोफ्यावर, आणि पडद्यावर झुळझुळीत कपड्यांतलं एखादं जोडपं, तोंडाला तोंड देत भांडणारं.

"म्हणजे बघा," तो तालमीत तिला समजावत होता, "दिवाणखान्यात मुडदा पडलाय. आणि यांचा वाद कशावरून, तर पार्टीला कुणाची आई आधी निघाली! एकमेकांना एक गोड शब्द बोलत नाहीत. पण बाहेर गोळी सुटली की दोघंही एकाच वेळी एकमेकांच्या पुढे उभे राहतात."

"आणि खून कुणी केलेला असतो?"

"ते मला कधी लक्षातच राहत नाही," तो म्हणाला.

इथल्या मराठी मंडळाच्या मे महिन्यातल्या कार्यक्रमासाठी त्याने तसंच एक नाटक लिहिलं होतं. नवरा स्वतः अंबरीश, बायको विद्या. दिग्दर्शन सुचित्राताईंचं. सुचित्राताई मंडळाच्या सेक्रेटरी. त्यांच्यापुढे पाऊससुद्धा वेळेवर यायचा. स्टेजवर एक मोठं कपाट. इथे कपाटाला 'प्रेस' म्हणतात. नवरा प्रेस उघडतो, प्रेत त्याच्या अंगावर पडतं. तो प्रेताला सोफ्यावर ठेवतो, प्रेताच्या मुठीतून किल्ली खाली पडते, तो लोकांकडे वळून म्हणतो, "या बाईला मी ओळखत नाही." आणि किल्लीचा आवाज ऐकून विद्या आत येते. काम एवढंच. रात्रपाळ्या करणाऱ्या बाईला झेपेल असं.

"प्रेताने श्वास घेऊ नये," अंबरीश म्हणायचा.

"विष घेतलेलं प्रेत असं गुलाबी दिसू नये. त्याचं काय?"

"तो माझा दोष नाही. मी नुसतं बघितलं तरी तुम्ही गुलाबी होता."

"अंबरीश!" कोपऱ्यातून सुचित्राताई. "ही वाक्यं संहितेत नाहीत!"

एका तालमीला प्रेसमध्ये शिरल्यावर तिला आत मऊ घडी केलेलं ब्लँकेट सापडलं. पुढच्या खेपेला उशी. तिने प्रेसमधून वाकून पाहिलं, तर अंबरीश संहितेत नाक खुपसून बसलेला. तालमीनंतर तो तिला घरापर्यंत सोडायचा. छत्री दर वेळी उलटी व्हायची आणि दोघं दर वेळी ती कुणामुळे झाली यावर भांडायचे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांच्या लक्षात आलं नाही. सुचित्राताईंच्या आलं.

पण क्षितिजाने त्याला एक गोष्ट सांगितली नव्हती.

इथे ज्युनियर डॉक्टर जुलैत हलतात. तिला हवं होतं ते ट्रेनिंग मिळालं होतं, आणि त्याचा अर्थ दर वर्षी नवं गाव. पहिलं गाव लेटरकेनी, पार वरच्या टोकाला. पुण्यातल्या सिद्धांतशी तिचं ठरलेलं लग्न याच कारणाने मोडलं होतं. "तू एका जागी टिकलीस की फोन कर," तो म्हणाला होता. वाईट माणूस नव्हता. खरं तेच बोलला. तेव्हापासून ती सामानाची खोकी पूर्ण उघडायची नाही. लागेल तेवढं काढायचं, बाकी टेप लावून तसंच. आताही तिने तेच ठरवलं होतं — मेमध्ये नाटक होईल, जुलैत आपण निघून जाऊ. त्याला नाही म्हणायची वेळ येऊच द्यायची नाही.

"पुढच्या नाटकात तुला बोलणारं काम देतो," तो म्हणाला.

"बघू," ती म्हणाली आणि छत्रीकडे बघत राहिली.

प्रयोग रविवारी दुपारी, लुकनच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. क्षितिजा रात्रपाळी करून थेट आली, तोंडाला पावडर लावली आणि प्रेसमध्ये शिरली. आत अंधार, ऊब, उशी... आणि आज त्यात भर म्हणून त्याचा लोकरीचा कोट. बाहेर नाटक सुरू झालं, लोक हसायला लागले. तो हशा लांब लांब गेला.

अंबरीशने प्रेस उघडली. प्रेत अंगावर पडलं, ते इतकं खरं की पहिल्या रांगेने टाळ्या वाजवल्या. त्याने तिला सोफ्यावर ठेवलं आणि किल्लीची वाट पाहिली.

किल्ली पडली नाही. प्रेत घोरलं.

हॉलमध्ये हास्याचा स्फोट झाला. विंगेत विद्या किल्लीच्या आवाजासाठी कान लावून उभी. सुचित्राताई दातओठ खात हातवारे करत होत्या. अंबरीशने ओठांवर बोट ठेवलं आणि लोकांकडे वळला.

"शू... हळू. रात्रभर दुसऱ्यांचे श्वास मोजून आलीय ही."

हसू ओसरलं. त्याने कोट आणून तिच्या अंगावर घातला.

"आता माझं वाक्य असं आहे, की या बाईला मी ओळखत नाही." तो थांबला. "ते... आता म्हणवत नाही. हिने माझ्या पुतळीची नाडी बघितली होती. बाई अनोळखी, स्वतःला धड उभं राहवत नाही, आणि तरी गुडघ्यावर बसली. तेव्हापासून मला या बाईशी आयुष्यभर भांडायचंय. विचारायची हिंमत होत नाही. काय करणार... एरवी ती जागी असते ना."

पहिल्या रांगेत कुणीतरी रुमाल काढला.

"तेव्हा खून कुणी केला ते तुम्ही नंतर बघा," तो म्हणाला. आणि मग ज्या टाळ्या पडल्या, त्यांनी प्रेत दचकून जागं झालं. किल्ली पडली. विद्या आत आली, रडत. तिला तिथे खरं तर चिडायचं होतं.

नाटक संपलं आणि क्षितिजाच्या लक्षात आलं की काहीतरी घडलंय. ओळख नसलेल्या बायका तिचा गाल कुरवाळून जात होत्या. कोल्हापूरहून आलेल्या विद्याच्या सासूबाईंनी तिच्या हातात लाडू कोंबला. "पोरगं लई गुणाचं हाय. सोडू नगंस."

"कुठलं पोरगं, मावशी?"

विद्याने सासूबाईंना तिथून जवळजवळ उचलूनच नेलं. इथेच वाढलेल्या दोन मुली खिदळत म्हणाल्या, "ही इज ग्रँड, लाइक," म्हणजे पोरगा झकास, आणि पळाल्या. सुचित्राताईंनी हॉलच्या दाराशी उभं राहून हुकूम सोडला होता की कुणी ग्रुपवर काही टाकायचं नाही. आणि आश्चर्य म्हणजे, एका अख्ख्या मराठी मंडळाने ते पाळलं.

अंबरीश मागच्या बाजूला खुर्च्या रचत होता.

"मी मेले होते तेव्हा काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. माझी वाक्यं जरा बदलली."

"का?"

"किल्ली पडली नाही."

"अंबरीश, मला लाडू मिळालाय. बुंदीचा. पहिल्याच भेटीत कुणी उगीच बुंदीचा लाडू देत नाही."

त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मी म्हणालो, मला तुझ्याशी आयुष्यभर भांडायचंय. झोपली होतीस म्हणून सोपं गेलं. आता... आता तू जागी आहेस."

तिला हसायचं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मी जुलैत लेटरकेनीला चाललेय."

"...किती दिवस?"

"वर्षभर. मग गॉलवे. मग बहुधा कॉर्क. मी एका जागी राहणारी नाहीये. आधीच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं."

त्याने खुर्चीच्या पाठीवरची धूळ झटकली.

"तिथे रेल्वे जात नाही ना?"

"नाही."

"हं," तो म्हणाला, आणि खुर्ची उचलून आत गेला.

झालं. तिने लाडू पर्समध्ये ठेवला. घरी गेल्यावर टेपचा रोल काढला.

जूनभर त्याचे मेसेज यायचे. जेवलीस का, झोपलीस का. पण शनिवारी भेटू म्हटलं की उत्तर एकच, "शनिवारी काम आहे." ती समजून गेली. समजूतदार माणसं अशीच हळूहळू मागे सरतात, दार न वाजवता. तिला राग आला नाही. फक्त छत्री नीट राहायची आता, आणि ते तिला आवडायचं नाही.

जुलैत लेटरकेनी. डोंगर, ढग, मेंढ्या आणि खोकी. एका शनिवारी दुपारी खाली रस्त्यावर हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. ती खिडकीशी आली.

खाली एक छोटी निळी गाडी. पुढे मागे लाल 'एल'ची पाटी. स्टिअरिंगला दोन्ही हातांनी कवटाळून बसलेला अंबरीश. शेजारी डोळे मिटून सुचित्राताई.

ती तशीच, अनवाणी, खाली पळाली. सुचित्राताईंनी काच खाली केली.

"शिकाऊ माणसाशेजारी लायसन्सवालं माणूस लागतं, म्हणून आलेय. त्याला मोटरवे बंद, आणि सरळ रस्ता उत्तर आयर्लंडातून, तिथे याचं शिकाऊ लायसन्स चालत नाही. स्लायगोवरून वळसा घालून आलोय, बाई. माझ्या बाजूला ब्रेक नाही, तरी सगळ्या रस्ताभर मी तो दाबलाय!"

"दर शनिवारी शिकत होतास?" क्षितिजा अंबरीशकडे बघत म्हणाली. "सांगितलं का नाहीस?"

"जमेल याची खात्री नव्हती. बोलू नकोस जरा... मला मागे घ्यायचीये."

दोन गाड्यांच्या मधली जागा. तो घामाघूम. पाऊस काचेवर.

"मलाही भांडायचंय," ती म्हणाली.

"हो, हो, एक मिनिट. आरसा..."

"आयुष्यभर, अंबरीश."

"आधी गाडी तर लागू दे गं!"

"अरे शुंभा!" सुचित्राताई कडाडल्या. "ती पोरगी पावसात अनवाणी उभी राहून तुला हवं ते बोलतेय, आणि तू आरसा कसला बघतोस? तिच्याकडे बघ!"

त्याने बघितलं. गाडीचं मागचं चाक धप्पकन फुटपाथवर चढलं आणि गाडी तिरकी, तशीच बंद पडली.

सुचित्राताई उतरल्या. कंबर सरळ केली. "मी कोपऱ्यावर चहा घेऊन येते. सावकाश येणार आहे," म्हणाल्या आणि मागे न बघता निघून गेल्या.

आता आवाज फक्त वायपरचा. अंबरीशचे हात अजून स्टिअरिंगवरच.

"गॉलवेचं काय करायचं?" क्षितिजाने विचारलं.

"गॉलवेला मोटरवे जातो. तोवर टेस्ट पास होईन. कॉर्कला तर..." त्याने श्वास घेतला. "तू हल गं, क्षितिजा. तुला हलायचंय तितकी हल. मी येत जाईन."

ती फिरून पलीकडे गेली. दार उघडून सुचित्राताईंच्या जागेवर बसली. ओले पाय वर घेतले, पट्टा लावला.

"माझं लायसन्स जुनं आहे," ती म्हणाली. "शेजारी बसायला चालतं की नाही?"

"चालतं."

"मग चालू कर गाडी. सरळ लाव बघू."

त्याने गिअरवर हात ठेवला. तिने त्यावर आपला ठेवला. गाडी पुढे गेली, मागे आली आणि पुन्हा तिरकीच लागली.

"तुझ्यामुळे," तो म्हणाला.

"माझ्यामुळे? तू आरसाच बघत नव्हतास!"